काठावरचे घड्याळ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याची ओवाळणी उरकून मी ओसरीवर वाचीत बसलो होतो, तोच पुण्याहून आलेले आमचे चिरंजीव शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझा डावा हात आपल्या हातात घेतला. मुलगा असा हात हातात घेतो तेव्हा बापाच्या मनात दोनच शंका येतात : एक तर त्याला पैसे हवे असतात, नाही तर त्याचे कुठे तरी जमलेले असते. या खेपेला दोन्ही शंका फोल ठरल्या.

“अण्णा, डोळे मिटा बरं जरा.”

मी मिटले. उघडून पाहतो तो मनगटावर एक दणकट घड्याळ. गडद डायल, रुंद काटे, आणि डायलभोवती आकडे कोरलेले एक फिरते कडे.

“पाणबुड्यांचं घड्याळ आहे हे,” तो म्हणाला. “खोल समुद्रात चालतं. साठ वर्षांपूर्वी निघालं होतं, आता पुन्हा तसंच काढलंय.”

सौभाग्यवती चकल्यांचे ताट घेऊन येत होत्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या. “समुद्रात चालतं म्हणतोस, पण समुद्र कुठंय इथं? उन्हाळ्यात टँकर आला तर आपण हंडे घेऊन पळतो!”

आम्ही सगळे हसलो. पण हसणे ओसरल्यावर तो प्रश्न माझ्या मनात तसाच राहिला. आमचे अंकुशनगर म्हणजे जालना जिल्ह्यातली, साखर कारखान्याभोवती वसलेली वस्ती. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. अशा ठिकाणच्या, साठीकडे झुकलेल्या शाळामास्तरच्या मनगटावर पाणबुड्याचे घड्याळ हा विनोदच म्हणायचा. आणि तरीही ते मला आवडले. एकदम, विचार करण्याच्या आधीच आवडले. गेली तीस वर्षे मी पुस्तकांची परीक्षणे लिहीत आलो आहे. एखादी गोष्ट विचाराआधीच आवडली की मला तिचा थोडा संशय येतो. हा लेख म्हणजे त्या संशयाचा पाठपुरावा आहे.

घड्याळावर टीका लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. घड्याळाच्या यंत्रातले मला फारसे कळत नाही, हे खरे. पण ज्याला हे लोक जुन्या घड्याळाची नवी निर्मिती म्हणतात, ते माझ्या लेखी पुनर्मुद्रण आहे. आणि पुनर्मुद्रणे मी पुष्कळ पाहिली आहेत. जुने पुस्तक पुन्हा छापताना प्रकाशक काय ठेवतो, काय गाळतो, कुठे शुद्धलेखन सुधारतो आणि कुठे जुन्या मुखपृष्ठाचा फक्त मोह दाखवतो, हे ओळखण्याची थोडी सवय झाली आहे. तीच फूटपट्टी इथे लावून पाहतो.

*

प्रथम मूळ आवृत्तीविषयी. माणूस पाठीवर हवेची नळकांडी बांधून मोकळेपणाने पाण्याखाली फिरू लागला तो १९४३ नंतर. त्या वर्षी फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी पाण्याखाली श्वास घेण्याचे सुटसुटीत उपकरण सिद्ध केले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, अशा पाणबुड्यांसाठी मुद्दाम घडवलेली दोन नामांकित घड्याळे आली. एक रोलेक्सचे ‘सबमरीनर’ आणि दुसरे ब्लाँपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’.

हे दुसरे नाव ऐकले आणि मला गंमत वाटली. फॅदम म्हणजे आपली वाव. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जेवढे अंतर होते, ती एक वाव. आपले कोळी याच मापाने पाण्याची खोली सांगत आले. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही पसरलेल्या हातांचाच अर्थ आहे. तेव्हा त्या महागड्या परदेशी घड्याळाचे नाव मराठीत ‘पन्नास वाव’ असे होते. मीटरमध्ये सांगायचे तर साधारण एक्याण्णव. समुद्र मोजायला माणसाने आधी स्वतःचेच हात वापरले, मग ते नाव घड्याळावर गेले. आमच्याकडे विहीर मोजतात ती परसांत. एक पुरुषभर उंची म्हणजे एक परस. थोडक्यात काय, पाणी कुठलेही असो, त्याची खोली माणसाच्या देहानेच मोजायची, ही रीत सगळीकडची.

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढत जातो. दोनशे मीटरवर घड्याळाच्या काचेवर वरच्या हवेच्या दाबाखेरीज आणखी वीस वातावरणांचा भार असतो. काच जाड, चावी मळसूत्राने घट्ट बसणारी, पाठीमागचे झाकण भक्कम, हे सारे त्यापायी. काटे रुंद आणि चमकणारे, कारण खाली अंधार. म्हणजे या घड्याळाचा चेहरा कोणा चित्रकाराने सुंदर दिसावा म्हणून रेखाटलेला नाही. तो गरजेने कोरला आहे. आपल्या जात्याला, पाट्याला, बैलगाडीच्या आरीला जे रूप आहे, त्याच जातीचे हे रूप. त्यातली एकही रेघ पुसली तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

आणि सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणजे ते फिरते कडे. पाण्यात उडी घेताना पाणबुड्या कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. मग किती वेळ गेला याचे गणित करावे लागत नाही. कड्यावरचा आकडा वाचला की झाले. खाली वेळेचा हिशेब चुकून चालत नाही. नळकांड्यातली हवा संपते हे तर उघडच आहे. पण दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळत जातो, आणि फार वेळ राहून माणूस घाईने वर आला तर तो रक्तातच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, हे अधिक भयंकर.

मी ते कडे सहज फिरवून पाहिले. डावीकडे टकटक करीत फिरले. उजवीकडे फिरवू गेलो तर हलेना.

“बिघडलं काय रे?”

“नाही अण्णा, ते एकाच बाजूला फिरतं. मुद्दाम. खाली खडकाला धक्का लागून कडं सरकलं, तर वेळ जास्त गेला असंच दिसलं पाहिजे. कमी गेला असं कधीच दिसता कामा नये. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही.”

सुरुवातीच्या घड्याळांत सर्वत्र अशी सोय नव्हती. पुढे ती आली, आणि पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्ये ठरले, त्याच्या आजच्या रूपात कडे असले तर ते असेच असावे लागते. चुकायचे झाले तर जिवाच्या बाजूने चुकायचे, एवढी समज त्या पोलादी वळ्यात घातलेली आहे. मी ते कडे फिरवता फिरवता थांबलो, कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. पोलादाविषयी नव्हे. वडिलांच्या तोंडून.

*

माझे बालपण इथून जवळच्याच एका खेड्यात गेले. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण झाले, पुढे डाव्या कालव्याचे पाणी या भागात फिरले, मग ऊस आला, आणि उसामागून कारखाना. पण मी सांगतो आहे ते त्याआधीचे दिवस. तेव्हा सगळी भिस्त विहिरीवर. विहिरीत मोटरीचा पाइप सोडलेला असे आणि त्याच्या टोकाला पाणी अडवणारी झडप. आमच्याकडे सगळे तिला ‘फुटबॉल’ म्हणतात. ती गाळात रुतली, निखळली, की कुणीतरी तळाशी जाऊन ती काढायची.

गावात एक पट्टीचा पोहणारा होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याची नातवंडे हा अंक वाचण्याचा संभव आहे. तो कंबरेला दोर बांधी, छाती भरून श्वास घेई आणि सूर मारी. काठावर दोर धरून माझे वडील उभे. त्यांच्या मनगटावर घड्याळ होते म्हणून हे काम त्यांच्याकडे आले होते. साऱ्या आळीत घड्याळ त्यांचेच. ते पाण्यात चालणारे नव्हते. त्याला पाण्याचा थेंबही लागू नये म्हणून वडील बाही खाली ओढून घेत. खाली गेलेल्या माणसासाठी ते वर मोजत राहात.

“दीड मिनिटाला दोर हलवा, भाऊ,” तो उडी घेण्यापूर्वी बजावी.

वडील दीड मिनिट कधीच होऊ देत नसत. पाच-दहा सेकंद आधीच दोराला हिसका देत. तो वर येऊन कुरकुर करी, “लवकर हलवला. हातात आला व्हता की फुटबॉल.” वडील ऐकून घेत, पण पुढच्या खेपेला पुन्हा तसेच. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, “घड्याळ पुढं असलं तर माणूस चिडंल, पण वर येईल. मागं राहिलं तर चिडायलाबी येणार नाही.”

पुढे कारखाना झाला, वडील पॅनवर कामाला लागले, आम्ही वसाहतीत राहायला आलो. तिथे वेळ सांगायला भोंगा होता. तरी वडिलांचे घड्याळ भोंग्याच्या दोन मिनिटे पुढे असायचे. बारा ते आठच्या पाळीला ते निघत तेव्हा आम्ही अंथरुणात असू. दिवा मालवलेला. अंधारात त्यांच्या मनगटावरचे ते दोन हिरवट काटे दाराकडे सरकत जाताना दिसत. वडील दिसत नसत, काटे दिसत.

पाणबुड्याच्या घड्याळाची मोहिनी कशात आहे, हे मला त्या पाडव्याला कळले असे वाटते. विहिरीत उतरणाऱ्याला काठावर मोजणारा माणूस असतो. समुद्रात एकटा उतरणारा पाणबुड्या त्या काठावरच्या माणसाला मनगटावर बांधून नेतो. कडे म्हणजे दुसरे काय? ‘तू तुझ्या कामात राहा, वेळेकडे मी पाहतो’ असे सांगणारे कुणीतरी. आज आपण कोणी समुद्रात उतरत नाही. पण कचेरीत, कर्जात, दवाखान्याच्या फेऱ्यांत कोण खोल गेलेला नाही? आपल्यासाठी कुणी मोजते आहे ही भावना कोणाला नको आहे? माझ्या मुलाच्या पिढीला तर ती फारच हवी असावी. त्यांच्या काठावर माणसे कमी झाली आहेत.

*

इथपर्यंत मी गुण सांगितले. आता दुसरी बाजू.

माझ्या मनगटावर आले ते घड्याळ फेवर-ल्यूबा या घराण्याचे. हे नाव जुन्या वाचकांना सांगायला नको. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचे हे घराणे आपला वंश १७३७ पर्यंत नेते. १८६५ मध्ये ते मुंबईच्या बाजारात उतरले, आणि पुढची शंभर वर्षे आपल्याकडे ‘चांगले घड्याळ’ म्हटले की जी दोन-तीन नावे निघत, त्यांत हे एक असे. पर्वतारोहकांसाठी उंची सांगणारे त्यांचे ‘बिव्हुआक’ १९६२ मध्ये निघाले, पाणबुड्यांसाठी ‘डीप ब्लू’ १९६४ मध्ये, आणि स्वतःच खोली मोजणारे ‘बॅथी’ १९६८ मध्ये.

मग १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चावीच्या घड्याळांची जुनी घराणी एकामागून एक कोलमडली. १९८३ च्या सुमारास पाणबुड्यांसाठी छोटे संगणक आले. खोली, वेळ, वर येताना कुठे किती थांबायचे, सारे तेच सांगू लागले. म्हणजे ज्या गरजेतून हे रूप जन्मले, ती गरजच सरली. आणि गंमत पाहा, गरज सरल्यावरच त्या रूपाची आवड वाढीला लागली. ब्लाँपँने २००३ मध्ये पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने ‘पन्नास वाव’ पुन्हा काढले. ओरिसने १९६५ चे २०१५ मध्ये, सेइकोने १९६५ चेच २०१७ मध्ये. फेवर-ल्यूबा २०११ मध्ये आपल्या टाटांच्या टायटनकडे आले, तेथून एथॉस या भारतीय घड्याळविक्रेत्यांच्या गोटात गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हात त्याने ‘डीप ब्लू’सह नवा संसार मांडला. ज्या घड्याळांपायी आपला पैसा परदेशी गेला, त्यांची मालकी अशी आपल्याकडे आली.

जुने रूप पुन्हा काढण्यात मला वावगे काही दिसत नाही. जाते बंद पडले म्हणून जात्याचे रूप खोटे ठरत नाही. नवे घड्याळ खरोखरच पाण्यात टिकत असेल, कडे खरोखरच एका बाजूला फिरत असेल, काटे खरोखरच अंधारात दिसत असतील, तर ते प्रामाणिक पुनर्मुद्रण आहे. त्या घड्याळाने दिलेला शब्द ते अजून पाळते आहे. तो शब्द पाळून घेण्याची पाळी माझ्यावर येवो न येवो.

पण अलीकडच्या अशा अनेक घड्याळांत एक खोड शिरली आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर जो लेप असे, त्याला आपण सर्रास रेडियम म्हणत आलो. आज तर मोटारसायकलच्या चमकणाऱ्या चिकटपट्टीलाही आपल्याकडे ‘रेडियम’च म्हणतात. प्रारंभी तो खरोखर रेडियमचा असे. त्याचे विषारीपण कळल्यावर साठीच्या दशकात त्याची जागा बहुतेक ट्रिशियमने घेतली. आणि १९९३ पासून किरणोत्सर्ग मुळीच नसलेला, उजेड पिऊन अंधारात सोडणारा नवा लेप आला. जुना लेप वर्षांनुवर्षांनी पिवळसर, मग तपकिरी होतो. रेडियम निम्मे व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. पण त्याच्या माऱ्याने उजळणारे जस्ताचे संयुग काही दशकांतच थकून जाते. चेतवणारा शिल्लक राहतो, उजळणारा विझतो. हा पिवळेपणा म्हणजे त्या थकव्याचा रंग.

आता नव्या घड्याळांचे काही कारागीर काय करतात? ताजा, कोरा लेप मुद्दाम पिवळट रंगवतात! साठ वर्षे जुना दिसावा म्हणून. काल जन्मलेल्या मुलाला पांढऱ्या मिशा लावण्याचा हा प्रकार आहे.

आपल्या रंगभूमीवर याचे उदाहरण सापडते. १९१६ चे ‘संगीत स्वयंवर’ आजही कोणी रंगभूमीवर आणते, आणि आणावेही. नवा गायक बालगंधर्वांची पदे आपल्या गळ्याने, आपल्या श्वासाने गातो तेव्हा तो त्या पदांना पुन्हा जिवंत करतो. पण काही गायक गंधर्वांच्या उतारवयातल्या रेकॉर्डी ऐकून गाणे बसवतात, आणि म्हाताऱ्या गळ्याचा कंप, अपुरा पडलेला श्वास, हेही इमानेइतबारे उचलतात. ते मोठ्या कलावंताचे कलावंतपण घेत नाहीत, त्याचे वय घेतात. कंप गंधर्वांनी आयुष्यभर गाऊन मिळवला होता. तो उसना घेता येत नाही.

याची उलट बाजू आपल्याकडे बाजारात दिसते. जुनी घड्याळे, विशेषतः एच्‌एम्‌टीची, उघडून त्यांचे डायल नव्याने रंगवायचे आणि विकायचे, हा धंदा मुंबईत चांगला चालतो. परदेशातले शौकीनही ती घड्याळे ओळखून आहेत. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला सुरू झालेला तो सरकारी घड्याळांचा उद्योग. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि जुन्या ‘जनता’, ‘पायलट’ना एकाएकी मागणी आली. माझ्या एका स्नेह्याने वडिलांचे ‘जनता’ असेच एका कारागिराकडे दिले. परत आले ते पोपटी डायलचे, झकपक. स्नेही म्हणाला, “घड्याळ छान आहे, पण वडील गेले त्यातून.” नव्याला जुने रंगवणे काय आणि जुन्याला नवे रंगवणे काय, दोहोंत एकच अधीरता आहे. मधली वर्षे कोणाला नको आहेत.

*

आणि मधल्या वर्षांत काय असते, तेही सांगितले पाहिजे. नाही तर मीही या लेखात फक्त पिवळा रंग लावला असे होईल.

वडिलांचे ते घड्याळही फेवर-ल्यूबाचेच होते, ‘सी किंग’. लग्नात सासऱ्याकडून मिळालेले. त्या काळी घड्याळ, अंगठी आणि सायकल ही जावयाची मागणी ठरलेली. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, एक बैल विकून ते जालन्याच्या बाजारातून आणले. बैलजोडीतला एक गेला म्हणजे दुसराही निकामी झाला. त्या वर्षी त्यांनी पेरणीला बैल उसना आणला. आई हे कधी विसरली नाही. वडील सकाळी चावी द्यायला बसले की चुलीपाशी बसून म्हणायची, “द्या चावी. माझ्या बापाचा बैल हाय तो. चारा तेवढा मागत नाही.”

१९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातून आईच्या पाटल्या गेल्या, दोन शेळ्या गेल्या, घड्याळ राहिले. कारण वडिलांना दुष्काळी कामावर हजेरी घ्यायचे काम मिळाले होते आणि तिथे घड्याळ लागे. त्याच कामावर आई खडी फोडायला होती. कोण किती वाजता आले, जेवायला किती वेळ बसले, हे त्या घड्याळावर मोजले जाई. तिच्या बापाच्या बैलाने तिचेच तास मोजले. विहिरीच्या काठावर दुसऱ्याच्या जिवाची काळजी करणारे घड्याळ ते हेच, आणि खडीच्या ढिगापाशी उन्हात उभे राहणारेही हेच. एकाला विसरून दुसऱ्याची आठवण काढता येत नाही.

जुन्याच्या मोहाविषयी माझी खरी तक्रार ही आहे. ‘ते दिवस’ म्हणून आपण जे जवळ घेतो, त्यातून आपण कर्ज वगळतो, दुष्काळ वगळतो, चुलीपाशी बसलेली बाई वगळतो. १९६४ चा चेहरा आपल्याला हवा असतो. १९६४ चे साल नको असते. नव्या आवृत्तीत बैल नसतो. तसा तो असूही नये. माझ्या मुलाने पगारातून, कोणाचे काही न विकता हे घड्याळ घेतले, यात आनंदच आहे, जरी किंमत लाखाच्या पुढची ऐकून मी रात्रभर कूस बदलत होतो. माझे म्हणणे एवढेच की, त्याने जे विकत आणले ते रूप आहे. जुनेपण त्या डब्यात नव्हते, आणि ते असल्याचा आव कोणी आणू नये.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी लोखंडी पेटी उघडली. आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले ते ‘सी किंग’ बाहेर काढले. वडील गेल्यावर कोणी चावी दिली नव्हती म्हणून ते थांबले होते, एवढेच. जालन्याला एका म्हाताऱ्या कारागिराने ते साफ करून, तेल घालून चालू करून दिले. “डायल पिवळं पडलंय, रंगवून देऊ का?” त्यानेही विचारले. बारा आकड्याशेजारी बुरशीचा एक ठिपका आहे. मी म्हटले, “नको. जसं आहे तसं राहू द्या.” काट्यांवरचा लेप आता मुळीच उजळत नाही. तो मातीच्या रंगाचा झाला आहे.

पुण्याला परत निघताना मी ते मुलाच्या हातावर बांधले आणि त्याला बैलाची गोष्ट सांगितली, खडीची सांगितली, दोराची सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अण्णा, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.” खरेच होते. मोजण्याचे काम आम्ही केले, सांगण्याचे राहून गेले.

नवे घड्याळ माझ्याकडे राहिले. परीक्षकाने शेवटी निकाल द्यावा लागतो, तो असा : रूप अस्सल, बांधणी भक्कम, आवृत्ती संग्रही ठेवण्याजोगी; वयाचे सोंग न घेणारी प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी. माझ्या प्रतीत ते सोंग नाही. काटे स्वच्छ, पांढरे आहेत. ते पिवळे होतील तेव्हा मी नसेन, आणि आजचे लेप तितके पिवळे होतही नाहीत म्हणतात. पण काचेवर नाही तरी कड्यावर एक बारीक ओरखडा वर्षभरात पडला आहे, शाळेच्या फाटकाच्या कडीचा. तो माझा.

आता पुन्हा दिवाळी आली. गळिताची तयारी चालू आहे, ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या आहेत. रात्री बाराचा भोंगा होतो तेव्हा कधी कधी जाग येते आणि अंधारात मनगटाकडे लक्ष जाते. काटे हिरवे दिसतात. भोंग्याशी ताडून पाहिले तर घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे. ते बिघडलेले नाही. मीच तसे लावले आहे.